पित्ताशयाला सूज आली की ऑक्सिजनशिवाय वाढणारे जंतू आत कसे घुसतात, आणि घरच्यांनी काय करायचं

उजव्या बरगडीखाली दुखतंय, मळमळतंय, एक-दोन उलट्या झाल्या, अंगात कणकण आहे, आणि घरातलं कोणतरी म्हणतंय पित्त खवळलंय, सोडा पी आणि झोप, सकाळी बरं वाटेल. बऱ्याच वेळा खरंच बरं वाटतंही. पण काही वेळा तेच दुखणं पित्ताशयाच्या सुजेचं असतं आणि सकाळपर्यंत थांबणं महागात पडतं. मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काम करते, म्हणजे पेशंटचं रक्त, पू, पित्त आमच्या टेबलावर येतं आणि त्यात कुठले जंतू आहेत ते आम्ही वाढवून बघतो. मी डॉक्टर नाही, त्यामुळं कुठली गोळी घ्या हे सांगणार नाही, पण घरच्यांनी काय बघायचं, कधी उठून जायचं आणि तिथं गेल्यावर काय विचारायचं एवढं सविस्तर सांगते, कारण या आजारात सगळा खेळ वेळेचा असतो आणि तो वेळ बहुतेक वेळा घरातच जातो.

आधी आत काय होतं ते समजून घ्या

पित्ताशय म्हणजे लिव्हरच्या खालच्या बाजूला चिकटलेली छोटी पिशवी, ३० ते ५० मिली पित्त मावेल एवढी. लिव्हर दिवसभरात साधारण अर्धा ते एक लिटर पित्त बनवतं, त्यातलं काही या पिशवीत येऊन घट्ट होतं, आणि आपण तेला-तुपाचं काही खाल्लं की पिशवी आवळते आणि पित्त आतड्यात सोडते. तब्येत ठीक असलेल्या माणसाच्या पित्तात जंतू जवळजवळ नसतातच. पित्त सारखं वाहतं राहतं हे एक कारण, आणि पित्तातले क्षार बऱ्याच जंतूंना मानवत नाहीत हे दुसरं.

आता पिशवीत खडे असतील आणि त्यातला एखादा तोंडाच्या नळीत अडकला तर पित्त आत कोंडतं. पित्ताशयाला अचानक सूज येते त्यातल्या ९० ते ९५ टक्के पेशंटमध्ये कारण हेच असतं. आणि इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या, पहिली सूज जंतूंमुळं येत नाही. कोंडलेल्या घट्ट पित्तामुळं आतलं अस्तर दुखावतं, पिशवी फुगते, भिंतीत पाणी भरतं, आणि दुखायला लागतं. म्हणूनच पहिल्या दिवशी ऑपरेशन झालेल्या बऱ्याच जणांच्या पित्तात आम्हाला काही सापडतच नाही.

पण अडथळा सुटला नाही तर आतला दाब वाढत जातो. आधी भिंतीतल्या शिरा दाबल्या जातात, रक्त आत येतं पण बाहेर जाईना अशी गत होते, आणि शेवटी आत येणारं शुद्ध रक्तही कमी पडायला लागतं. पित्ताशयाला रक्त पुरवणारी मुख्य धमनी एकच आहे, सिस्टिक आर्टरी, ती दाबली गेली तर दुसरीकडनं पुरेसं रक्त येत नाही. पिशवीचं खालचं टोक या धमनीपासनं सगळ्यात लांब, म्हणून भिंत सडायला आणि फुटायला सुरुवात बहुतेक वेळा त्या टोकाला होते. रक्त कमी म्हणजे ऑक्सिजन कमी. आणि इथनं आपल्या विषयातले जंतू सुरू होतात.

आतड्यातनं पित्तनळीच्या वाटेनं वर चढणारे जंतू आधी साधे असतात, ई. कोलाय, क्लेब्सिएला, एन्टेरोकोकस. हे ऑक्सिजन असला तरी जगतात, नसला तरी जगतात. ते उरलासुरला ऑक्सिजन खाऊन टाकतात आणि मागनं येणाऱ्या अ‍ॅनेरोबिक जंतूंना, म्हणजे ज्यांना ऑक्सिजन चालतच नाही त्यांना, जागा तयार करून देतात. यातले मुख्य दोन, बॅक्टेरॉईड्स फ्रॅजिलिस आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. गावाकडं गोठ्यामागं गोबरगॅसची टाकी असते बघा, हवा पूर्ण बंद केल्याशिवाय त्यात गॅस धरत नाही, तसंच आहे हे, बंद जागा मिळाली की हे जंतू कामाला लागतात आणि त्यातले काही खरोखरच गॅस बनवतात.

हे जंतू बाहेरनं आलेले नसतात हेही सांगते, आपल्या सगळ्यांच्या मोठ्या आतड्यात ते राहतात आणि तिथं त्यांची संख्या ई. कोलायपेक्षा कितीतरी पटीनं जास्त असते. तिथं ते त्रास देत नाहीत. नको त्या जागी पोचले की मग देतात. बॅक्टेरॉईड्सच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचं एक कवच असतं, त्यामुळं त्याच्याभोवती गळू धरतं, पित्ताशयाच्या बाजूला किंवा लिव्हरमध्ये पू साठतो तो असा. क्लॉस्ट्रिडियम विष सोडतो, ते विष पेशींची आवरणं फोडतं, आणि सोबत भिंतीत गॅसचे बुडबुडे होतात. या प्रकाराला एम्फिसेमॅटस कोलेसिस्टायटिस म्हणतात आणि तो खरा जीवघेणा प्रकार, त्यात भिंत सडून पिशवी फुटायचा धोका साध्या सुजेपेक्षा लई जास्त असतो.

घाबरवायला लिहीत नाही हे. बहुतेकांच्या सुजेत एकतर जंतू नसतात नाहीतर ई. कोलायसारखे साधे असतात, आणि वेळेवर उपचार झाले की माणूस बरा होऊन घरी येतो. अ‍ॅनेरोबिक जंतूंची शक्यता वाढते ती वयस्कर माणसांत, शुगरवाल्यांत, मोठ्या पित्तनळीत खडा अडकला असेल तर, पूर्वी पित्तनळी आतड्याला जोडायचं ऑपरेशन झालं असेल तर, आणि ज्यांनी दुखणं अंगावर काढलं त्यांच्यात. यातलं शेवटचं एकच आपल्या हातात आहे.

दुखणं कसं ओळखायचं

घड्याळ बघा. खड्याची साधी कळ जेवणानंतर तासाभरात नाहीतर रात्री येते, चढते, अर्धा तास ते चार-पाच तास राहते आणि आपोआप उतरते, कारण खडा सरकून मागं जातो. दुखणं सलग सहा तासांच्या वर गेलं आणि उतरायचं नाव नाही तर खडा तिथंच बसलाय असं समजायचं. त्यात थंडी वाजून ताप आला, खोल श्वास घेताना बरगडीखाली चमक येऊन श्वास अडखळायला लागला, उजव्या खांद्याच्या पात्यामागं दुखायला लागलं, कूस बदलली तरी नको वाटायला लागलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.

डॉक्टर तपासताना उजव्या बरगडीखाली बोटं ठेवून लांब श्वास घ्यायला सांगतात, सुजलेलं पित्ताशय बोटांना येऊन लागलं की पेशंटचा श्वास मध्येच थांबतो. याला मर्फी साईन म्हणतात, शिकागोच्या जॉन मर्फी नावाच्या सर्जनच्या नावावरनं. हे घरी करून बघायचं नाही. एकानं दाबून बघितलं, मग दुसऱ्यानं, मग शेजारच्या काकींनी, असं करत बसू नका.

डोळे पिवळे दिसतायत, लघवी गडद पिवळी होतेय, सोबत ताप आणि दुखणं आहे, असं तिन्ही एकत्र असेल तर खडा मोठ्या नळीत जाऊन तिथं इन्फेक्शन झालेलं असू शकतं. त्यात तासातासाला तब्येत बिघडते, अजिबात थांबायचं नाही.

आणि सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे दुखणं अचानक कमी होणं. दोन दिवस कळवळणारा माणूस म्हणतो आता बरं वाटतंय, घरच्यांना हायसं वाटतं, पण चेहरा उतरलेला असतो, नाडी जोरात चाललेली असते, घाम फुटलेला असतो, बोलायला कंटाळा करतो. भिंत सडली की तिथल्या नसाही मरतात, मग दुखणं कळत नाही. किंवा पिशवी फुटून दाब गेलेला असतो, त्यानंतर थोड्या वेळानं सगळं पोट दुखायला लागतं आणि फळीसारखं कडक होतं. त्यामुळं दुखणं गेलं पण माणूस मलूलच आहे, तर त्याला बरं म्हणू नका.

अजून एक, पोटाच्या वरच्या भागातलं दुखणं हार्टचंही असू शकतं. चाळिशीच्या पुढचा माणूस असेल, शुगर-बीपी असेल, तर दवाखान्यात पोचल्यावर आधी ईसीजी काढायला सांगा. कुठलाही चांगला डॉक्टर स्वतःच काढतो, पण तुम्हाला माहीत असलेलं बरं.

घरात शुगरचा पेशंट असेल तर

तात्यांना शुगर आहे, वय पासष्टच्या पुढं, जेवण जाईना, थोडं थोडं पोटात दुखतंय म्हणतात, ताप म्हणावा तर निव्वळ कणकण. घरात सगळ्यांना वाटतं किरकोळ आहे. पण शुगर बरीच वर्षं असली की नसा बोथट होतात आणि दुखणं आहे त्यापेक्षा कमी जाणवतं. छोट्या रक्तवाहिन्याही खराब झालेल्या असतात, म्हणजे पित्ताशयाला मुळातच रक्त कमी. गॅसवाल्या प्रकारात शुगरचे पेशंट जास्त दिसतात ते यामुळं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना खडेसुद्धा नसतात, म्हणजे सोनोग्राफीत खडे नाहीत म्हणून निश्चिंत व्हायचं कारण नाही. साध्या खड्यांचा त्रास बायकांना जास्त होतो पण हा गॅसवाला प्रकार पुरुषांत जास्त. तात्यांची शुगर रोज १६०-१७० असते आणि आज एकदम ३०० च्या वर दाखवतेय, खाल्लं तर काही नाही, तर आत कुठंतरी इन्फेक्शन आहे का हे बघायला लावा. जेवण बंद असताना शुगरची गोळी, इन्सुलिन नेहमीच्या हिशोबानं द्यायचं नाही, डॉक्टरांना फोन करून विचारा.

घरात काय करू नका

हुलग्याचं पाणी, पानफुटीची पानं हे सगळं लोक किडनीच्या खड्यासाठी करतात आणि तेच पित्ताच्या खड्यालाही चालेल असं समजतात. पित्ताशयाचा आणि लघवीच्या मार्गाचा काही संबंध नाही, तिथला खडा लघवीतनं पडूच शकत नाही. ऑलिव्ह ऑईल आणि लिंबाचा रस पिऊन खडे पडतात असे व्हिडिओ फिरतात, संडासातनं जे हिरवट गोळे पडतात ते खडे नसतात, त्याच तेलाचे आतड्यात झालेले साबणासारखे गोळे असतात. उलट एवढं तेल एकदम पोटात गेलं की पित्ताशय जोरात आवळतं आणि पिशवीत शांत बसलेला खडा नळीत जाऊन अडकायचा धोका असतो.

मेडिकलमधनं जुलाब थांबवायची गोळी आणायची, ती ओफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोलची असते, एक सकाळी एक संध्याकाळी घ्यायची, ही सवय तर घरोघरी आहे. यानं ताप थोडा उतरतो, लक्षणं झाकली जातात, पेशंट दोन दिवस उशिरा पोचतो, आणि वर आमच्याकडं येणाऱ्या सॅम्पलमध्ये जंतू नीट वाढत नाहीत, म्हणजे डॉक्टरांना नेमका कुठला जंतू आहे तेही कळत नाही. आतनं जंतू जिवंत, बाहेरनं रिपोर्ट कोरा. मला या गोष्टीचं खरंच वाईट वाटतं, कारण ती गोळी देणाऱ्यानं मायेनंच दिलेली असते.

पोट चोळू नका, शेकू नका. निघताना चहा-बिस्कीट, दूध काही देऊ नका, उलटी होईल आणि ऑपरेशनची वेळ आली तर पोट रिकामं लागतं. तहान फारच लागली तर ओठ ओले करा.

आणि मटणावर, तांबड्या-पांढऱ्यावर खापर फोडत बसू नका. जत्रेच्या जेवणावळीनंतर कळ येते हे खरं, कारण तेलकट जेवणानं पित्ताशय आवळतं, पण इन्फेक्शन मटणानं होत नाही, आधीच असलेला खडा अडकल्यानं होतं. भाजी-भाकरी खाणाऱ्यालाही खडे होतात, आणि कडक उपास करून झपाट्यानं वजन उतरवणाऱ्याला तर जास्त होतात.

कुठं जायचं आणि काय सांगायचं

जिथं सर्जन, सोनोग्राफी आणि ऑपरेशनची सोय तिन्ही एका जागी आहे तिथं जा. कोल्हापुरात दसरा चौकाजवळ सीपीआर हॉस्पिटल आहे, शासकीय मेडिकल कॉलेजला जोडलेलं, आणि शहरात मोठी खासगी हॉस्पिटलं आहेतच. चंदगडकडच्या लोकांना बेळगाव जवळ पडतं, तर तिकडं जा, कोल्हापूरच पाहिजे असा हट्ट नको. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी भागातल्यांनी पावसाळ्यात तर आणखी लवकर ठरवायचं, पाणी रस्त्यावर आलं की रात्रीत वाट बंद होते, २०१९ आणि २०२१ ला तर शिरोलीजवळ हायवेच बंद पडला होता. गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन करा.

पोचल्यावर सांगायच्या गोष्टी एका कागदावर लिहून न्या, कारण घाईत निम्म्या विसरतात. दुखणं नेमकं किती वाजता सुरू झालं, हे पहिलं, कारण ऑपरेशनसाठीच्या पहिल्या ७२ तासांचा हिशोब तिथनं धरतात. ताप किती आला. शुगर, बीपी, किडनीचा काही त्रास. कुठल्या गोळ्या चालू आहेत, विशेष करून रक्त पातळ व्हायची. घरी कुठली अँटिबायोटिक घेतली असेल तर लपवू नका, रिकामी स्ट्रिप घेऊन जा. पूर्वी पित्तनळीत स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी बारीक नळी, टाकलाय का, पोटाचं ऑपरेशन झालंय का. कुठल्या इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन आलीय का. जुनी सोनोग्राफी असेल तर ती.

रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत जी हॉस्पिटलं आहेत तिथं आरोग्यमित्र बसलेला असतो, अ‍ॅडमिट होतानाच त्याला गाठून आपली केस बसते का विचारा, डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग होत नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर

सोनोग्राफीच्या कागदावर वॉल थिकनिंग असेल, म्हणजे भिंत ३-४ मिमीपेक्षा जाड, पेरिकोलेसिस्टिक फ्लुइड म्हणजे बाजूला पाणी, नेकमध्ये कॅल्क्युलस इम्पॅक्टेड म्हणजे तोंडात खडा अडकलेला, तर सूज पक्की. भिंतीत गॅस, एअर, असा काही शब्द दिसला तर लगेच डॉक्टरांना दाखवा. सोनोग्राफीत हा गॅस कधीकधी शेजारच्या आतड्यातल्या गॅससारखा दिसतो आणि गल्लत होते, अशा वेळी सीटी स्कॅन केला की स्पष्ट कळतं. शुगरचा पेशंट आहे, तब्येत जास्त वाटतेय आणि सोनोग्राफी गोलमाल आहे, तर सीटीची गरज आहे का हे जरूर विचारा.

रक्तात पांढऱ्या पेशी ११ हजारांच्या वर म्हणजे शरीर झुंजतंय, १८ हजारांच्या वर गेल्या तर टोकियो गाईडलाईन्सप्रमाणं, म्हणजे या आजारासाठी जगभर वापरतात त्या २०१८ च्या नियमांप्रमाणं, आजार तीनपैकी मधल्या पायरीवर गेला. त्याच्या वरची पायरी म्हणजे बीपी पडणं, किडनी, श्वास, शुद्ध यावर परिणाम होणं. सीआरपी (सूज किती), बिलिरुबिन (कावीळ किती), क्रिएटिनिन (किडनी कशी) हे आकडे फाईलमध्ये लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी ताडून बघायला.

कल्चर, ज्याबद्दल कोणी बोलत नाही

माझं काम इथं आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. ताप जास्त असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी रक्ताचं कल्चर घेतात, म्हणजे त्यातले जंतू वाढवून बघायला रक्त पाठवतात, दोन बाटल्या असतात, एक ऑक्सिजनवाल्या जंतूंसाठी आणि एक बिनऑक्सिजनवाल्यांसाठी. पेशंट शॉकमध्ये, म्हणजे बीपी एकदम पडलेला, असेल तर मात्र कल्चरसाठी इंजेक्शन थांबवायचं नाही.

ऑपरेशनमध्ये किंवा नळी टाकून पित्त काढलं तर ते आमच्याकडं येतं. निरोगी पित्त सोनेरी-हिरवट आणि स्वच्छ असतं. बिघडलेलं काळपट, गढूळ, त्यात पांढरट कण फिरत असतात, आणि अ‍ॅनेरोबिक जंतू असतील तर सिरिंजची टोपी काढताच असा सडका वास येतो की शेजारच्या टेबलावरचा माणूस मान वर करतो. हे सॅम्पल सिरिंजमध्येच पाहिजे, आतली हवा सगळी बाहेर ढकलून टोपी घट्ट लावून, आणि शक्यतो अर्ध्या तासात. कापसाच्या काडीवर पुसून पाठवलं की त्या कापसातल्या हवेनंच जंतू वाटेत मरतात. फ्रीजमध्ये ठेवायचं नाही, हवाबंद न करता बाहेर तासन्‌तास ठेवायचं नाही. पेशंटच्या नातेवाइकाच्या हातात सॅम्पल देऊन लॅबला पाठवतात तेव्हा हे सगळं तुमच्या हातात असतं, म्हणून वाटेत चहाला थांबू नका.

लॅबमध्ये आल्यावर आधी काचपट्टीवर थेंब पसरून रंग देतो, तासाभरात कळतं की जंतू आहेत का आणि दिसायला कसे. जाडजूड, चौकोनी टोकांचे जांभळे दांडके दिसले तर क्लॉस्ट्रिडियमची शंका, मी लगेच फोन करते, रिपोर्ट टाईप व्हायची वाट बघत नाही. मग जंतू वाढवायच्या दोन प्रकारच्या प्लेटा लावतो. साध्या प्लेटा दुसऱ्या दिवशी बोलतात. अ‍ॅनेरोबिकवाल्या एका बंद जारमध्ये जातात, त्यात ऑक्सिजन शोषून घेणारी पुडी टाकतो आणि एक निळी पट्टी ठेवतो, आतला ऑक्सिजन संपला की पट्टीचा निळा रंग उडून ती पांढरी पडते. तो जार निदान ४८ तास उघडायचा नाही. बॅक्टेरॉईड्स ओळखायची आमची एक चाचणी तर अशी आहे की प्लेटमध्ये २० टक्के पित्त घालतात, बाकीचे बरेच अ‍ॅनेरोबिक जंतू त्यात गप्प बसतात आणि हा जोमानं वाढतो. पित्ताशयात तो टिकतो कसा याचं उत्तर त्या प्लेटवरच दिसतं.

त्यामुळं २४ तासांनी नो ग्रोथ आलं म्हणून जंतू नाहीत असं ठरवू नका. फायनल रिपोर्टला पाच-सात दिवस लागू शकतात. काचपट्टीवर जंतू दिसलेत पण साधी प्लेट कोरी आहे, असं असेल तर अ‍ॅनेरोबिक आहेत का ही शंका धरायलाच पाहिजे. तुम्ही एवढंच विचारा, अ‍ॅनेरोबिक कल्चर पाठवलंय का, आणि फायनल रिपोर्ट कधी. सगळीकडं ही सोय नसते, आणि नसली तरी उपचार अडत नाहीत, डॉक्टर अंदाजानं दोन्ही प्रकारच्या जंतूंवर चालेल असं औषध सुरू करतात.

औषधाचं काय

मेट्रोनिडाझोल हे अ‍ॅनेरोबिक जंतूंवरचं जुनं आणि भरवशाचं औषध. १९६२ मध्ये लंडनला एका बाईला दुसऱ्याच इन्फेक्शनसाठी हे दिलं होतं आणि तिच्या सडलेल्या हिरड्या बऱ्या झाल्या, तिथनं या औषधाचा हा गुण कळला. ते जंतूच्या आत जाऊन, ऑक्सिजन नसेल तरच, कामाला लागतं. म्हणजेच ई. कोलायवर त्याचा काही उपयोग नाही, म्हणून एकटं मेट्रोनिडाझोल घेऊन पित्ताशयाची सूज बरी होत नाही. हॉस्पिटलमध्ये ते सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारख्या औषधाला जोडून देतात. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम चालू असेल तर ते दोन्हीकडं चालतं, वेगळं मेट्रोनिडाझोल बहुतेक वेळा लागत नाही. आणि साध्या, लवकर आलेल्या केसमध्ये अ‍ॅनेरोबिकवर वेगळं औषध प्रत्येकाला द्यावंच असं नाही, त्यामुळं शेजारच्या बेडला ती बाटली लागलीय आणि आपल्याला नाही म्हणून भांडू नका.

मेट्रोनिडाझोल चालू असताना तोंडाला लोखंडासारखी चव येते, लघवी गडद होऊ शकते, घाबरायचं नाही. दारू मात्र अजिबात नाही, कोर्स संपल्यावरही निदान तीन दिवस नाही. रक्त पातळ करायची वॉरफरिनची गोळी चालू असेल तर सांगायलाच पाहिजे, या दोघांनी मिळून रक्तस्राव होऊ शकतो.

आणि कितीही भारी इंजेक्शन असलं तरी बंद पिशवीत ते पुरेसं पोचत नाही, कारण औषध रक्तातनं जातं आणि रक्तच तिथं कमी जातंय. इंजेक्शन शरीरात पसरणारं इन्फेक्शन रोखतं, पण कोंडलेली घाण बाहेर काढावीच लागते.

ऑपरेशनला हो म्हणायचं का

पूर्वी सूज उतरू दे, सहा आठवड्यांनी या, असं सांगायचे. आता पेशंट ऑपरेशन सोसण्यासारखा असेल तर त्याच अ‍ॅडमिशनमध्ये, शक्यतो पहिल्या ७२ तासांत, दुर्बिणीनं पित्ताशय काढणं बरं असं मानतात, कारण मधल्या काळात परत दुखून परत अ‍ॅडमिट व्हायची वेळ बऱ्याच जणांवर येते. आपल्या देशात दुर्बिणीनं पित्ताशय काढायला सुरुवात झाली ती मुंबईच्या जेजेमध्ये, १९९० ला, डॉ. तेहमटन उडवाडियांनी केली, म्हणजे हे आता नवखं ऑपरेशन राहिलेलं नाही. आत सगळं चिकटलेलं असेल, सडलेलं असेल, तर सर्जन मध्येच पोट उघडून करतात, तो निर्णय पेशंटच्या जिवासाठी असतो, ऑपरेशन फसलं असा अर्थ काढू नका. पित्ताशय काढलं तरी लिव्हर पित्त बनवतच राहतं, पचन चालतं.

आजी ऐंशीच्या आहेत, हार्ट कमजोर आहे, भूल झेपणार नाही, असं असेल तर सोनोग्राफीत बघत कातडीतनं एक बारीक नळी पित्ताशयात घालून घाण बाहेर काढतात. दाब उतरला की बऱ्याच जणांना एक-दोन दिवसांत फरक पडतो. नळीला धक्का लागू देऊ नका, झोपताना पिशवी बेडच्या खाली राहील असं बघा, रोज किती आणि कुठल्या रंगाचं येतंय ते लिहून ठेवा.

भिंतीत गॅस दिसलाय, भिंत सडलीय असं डॉक्टर म्हणत असतील तर मुंबईवरनं दाजी येऊ देत मग ठरवू असं करू नका. दाजींना फोनवर घ्या आणि सही करा.

घरी आल्यावर

साध्या सुजेचं ऑपरेशन नीट झालं असेल तर अँटिबायोटिक २४ तासांतच बंद करतात, त्यात डॉक्टर विसरले असं काही नसतं. सडलेलं, फुटलेलं, गळू झालेलं असेल तर साधारण चार ते सात दिवस देतात. तुमचा फायनल कल्चर रिपोर्ट डिस्चार्जनंतर येणार असेल तर तो आणायची जबाबदारी घरातल्या एकानं घ्या आणि डॉक्टरांना दाखवा, औषध बदलायची गरज पडू शकते. काढलेलं पित्ताशय पॅथॉलॉजीला गेलंय का विचारा, तो रिपोर्टही घ्या, क्वचित त्यात कॅन्सर निघतो आणि तो वेळेत कळलेला बरा.

पहिले काही दिवस जेवण हलकं, थोडं थोडं, मग हळूहळू नेहमीचं. घरी आल्यावर परत थंडी-ताप, पोट फुगणं, डोळे पिवळे होणं, जखमेतनं घाण वास येणारं पाणी, यातलं काहीही झालं तर ओपीडीच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी ज्यांनी ऑपरेशन केलंय त्यांच्याकडं जा आणि फाईल सोबत न्या.